इलेक्ट्रॉन गेला, मागे काय उरलं?

रामन वर्णपटात, म्हणजे रेणूवरून विखुरलेल्या लेसर-प्रकाशाच्या आलेखात, ११४०, १३९० आणि १४३५ या आकड्यांपाशी शिखरं वर यायला लागली की मी हातातलं काम सोडून पडद्याकडे बघत बसते. या आकड्यांचं एकक प्रति सेंटिमीटर. रेणूतले बंध किती वेगाने कंप पावतात, त्याची ही मोजणी. या तीन शिखरांनी आमच्या विषयातल्या जाणत्या लोकांना सोळा वर्षं चकवलं. प्रकाश पडल्यावर धातू आणि त्याला चिकटलेला रेणू यांच्यात नेमकी काय देवाणघेवाण होते, हे मला मात्र याच चकव्यातून सगळ्यांत चांगलं समजलं.

प्रयोग तसा साधा. चांदीच्या नॅनोकणांवर पॅरा-अमिनोथायोफेनॉल नावाचा रेणू बसवायचा. रेणूच्या एका टोकाला गंधक असतं, ते चांदीला घट्ट धरतं. दुसऱ्या टोकाचा अमाइन गट बाहेर मोकळा राहतो. वरून लेसरचा झोत टाकायचा आणि विखुरलेला प्रकाश मोजायचा. याच रेणूची नुसती भुकटी घेऊन वर्णपट काढला, तर ती तीन शिखरं दिसत नाहीत. चांदीवर बसवला की ठळक दिसतात. १९९४ साली जपानमध्ये मासातोशी ओसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं स्पष्टीकरण दिलं: प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन धातूतून रेणूकडे झेपावतो, आणि त्या झेपेमुळे रेणूची काही ठरावीक कंपनं उठून दिसतात. स्पष्टीकरण सुबक होतं, गणिताला धरून होतं. पुढे हा रेणू ‘प्रकाशाने होणाऱ्या विद्युतभाराच्या स्थानांतराचा’ नमुना म्हणूनच वापरला जाऊ लागला.

२०१० साली चीनमधल्या शियामेन विद्यापीठातल्या त्यान झोंगचुन यांच्या गटाने आणि त्याच सुमारास इतरही काही जणांनी दाखवून दिलं, की ही शिखरं मुळात त्या रेणूची नाहीतच. चांदीवर शेजारी शेजारी बसलेले दोन रेणू लेसरच्या झोतात एकमेकांना जोडले जातात, मधे दोन नायट्रोजनचा दुहेरी बंध तयार होतो, आणि डायमर्कॅप्टोअ‍ॅझोबेन्झीन हा नवाच रेणू जन्माला येतो. शिखरं त्याची. मोजायला म्हणून टाकलेल्या प्रकाशानेच मोजायची वस्तू बदलून टाकली होती.

मला या घटनेत कुणाची फजिती दिसत नाही. इलेक्ट्रॉन खरोखरच हलला होता. फरक एवढाच, की तो क्षणभर जाऊन परत आला असं लोक समजत होते, आणि प्रत्यक्षात देवाणघेवाण पक्की होऊन तिथे एक रासायनिक अभिक्रिया पार पडली होती.

याच तीन शिखरांपाशी उलट बाजूनेही पोचता येतं. अमाइनऐवजी नायट्रो गट असलेला भाऊबंद रेणू घ्यायचा, पॅरा-नायट्रोथायोफेनॉल. आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी हाच प्रयोग करायला देते. सुरुवातीला १३३५ च्या आसपास नायट्रो गटाचं एकच उंच शिखर असतं. हिरव्या लेसरची शक्ती थोडी वाढवायची आणि एकाच जागेवरून एकामागून एक वर्णपट घेत राहायचं. १३३५ चं शिखर खचायला लागतं. त्याच्या उजवीकडे, जिथे सपाट रेघ होती तिथे, आधी नुसता फुगवटा येतो, मग त्याचे दोन भाग होतात: १३९० आणि १४३५. डावीकडे ११४०. पडद्यावर जुनं-नवं एकावर एक रचलेलं असतं आणि एक रेणू मावळताना दुसरा उगवताना दिसतो. ज्या ठिपक्यावर हे घडतं तो एखाद्या मायक्रोमीटरचा, आणि झोत बाजूला सरकवला की शेजारच्या जागी नायट्रो अजून जसाच्या तसा.

आता यातली गंमत बघा. अमाइनपासून तो जोडरेणू बनवायचा तर इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, म्हणजे ऑक्सिडीकरण. नायट्रोपासून बनवायचा तर इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, म्हणजे क्षपण. धातू तोच, लेसर तोच, शेवटी मिळणारा रेणूही तोच, आणि इलेक्ट्रॉनांची वाट मात्र बरोबर उलटी. ‘प्रकाश पडला की धातू रेणूला इलेक्ट्रॉन देतो’ हे वाक्य आपण सगळीकडे वाचतो. व्याख्यानांच्या चित्रांतही कणाकडून रेणूकडे जाणारा एकच बाण असतो. माझं म्हणणं असं, की त्या बाणाने निम्मीच गोष्ट सांगितली जाते. इलेक्ट्रॉन गेला की धातूत रिकामी जागा उरते, तिला आम्ही होल म्हणतो. ते होल कुणी भरलं, हे कळल्याशिवाय अभिक्रिया समजली असं मी मानत नाही.

पण आधी कणांविषयी सांगायला हवं.

सोन्याचे कण बनवण्याची माझी आवडती रीत म्हणजे जॉन टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडलेली. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं, चुंबकी ढवळणी चालू, आणि त्यात सोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं. पिवळेपणा निघून जातो. थोडा वेळ काहीच होत नाहीसं वाटतं. मग राखाडी, मग काळपट जांभळी झाक, आणि बघता बघता द्रावण माणिक-लाल होतं. या रंगाकडे शास्त्रीय नजरेने पहिल्यांदा पाहिलं ते मायकेल फॅरडे यांनी. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी फॉस्फरस वापरून असंच लाल कलिल, म्हणजे द्रवात तरंगत्या बारीक कणांचं मिश्रण, बनवलं आणि हा लाल रंग सोन्याचाच आहे, फक्त सोनं फार बारीक वाटलं गेलं आहे, असं ठामपणे सांगितलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं होती.

टर्केविचच्या रीतीने साधारण १५ नॅनोमीटरचे कण मिळतात. अशा एका कणात सोन्याचे सुमारे एक लाख अणू असतात. प्रत्येक कणाभोवती सायट्रेटचं ऋणभारित कवच असतं, त्यामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला येतात तेव्हा मी त्यांच्यासमोर या लाल पाण्यात मिठाचं पाणी टाकते. कवचाचा जोर ओसरतो, कण एकमेकांना भिडतात आणि लाल पाणी निळं होतं. मुलं ओरडतात. कणाला काय चिकटलं आहे यावर कणाचं सगळं वागणं ठरतं, हे यापेक्षा चांगलं दाखवता येत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली याचं एक देखणं उदाहरण जगापुढे ठेवलं. सायट्रेटच्या जागी त्यांनी गवती चहाच्या पात्यांचा अर्क घेतला. गोल कणांऐवजी सोन्याचे चपटे त्रिकोण मिळाले, आणि ते जवळच्या अवरक्त प्रकाशाला शोषू लागले. अर्कातली अल्डिहाइड-कीटोन गटाची द्रव्यं कणांच्या पृष्ठभागाला चिकटतात, कण एकमेकांत विरघळल्यासारखे मिसळत जातात आणि त्रिकोण घडतो, असं त्यांनी मांडलं. त्यात प्रकाशाचा हात नव्हता. पण चिकटलेला रेणू हा नुसता पाहुणा नसतो, हे मी त्या कामातून शिकले.

आता प्रकाश. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर एकदिलाने पुढे-मागे डोलतात. १५ नॅनोमीटरच्या सोन्यासाठी हे डोलणं ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतं. तो शोषला जातो आणि आपल्याला उरलेला लाल दिसतो. या सामूहिक डोलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. त्याचं आयुष्य दहाएक फेम्टोसेकंद. एका सेकंदाचे एक हजार लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. दहा फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम तीन मायक्रोमीटर पुढे जातो. सोन्यातले वेगवान इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,४०० किलोमीटर धावतात. तेवढ्या अवधीत त्यांची मजल १४ नॅनोमीटर. म्हणजे कणाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होते. कणाचं आकारमान आणि प्लाझ्मॉनचं आयुष्य असं जुळून आल्यामुळेच डोलणं विझता विझता इलेक्ट्रॉनला पृष्ठभाग गाठण्याची संधी मिळते.

डोलणं विझतं तेव्हा त्याची सगळी ऊर्जा एखाद्या इलेक्ट्रॉनच्या पदरात पडते. तो वर उडतो, खाली होल राहतं. अशा इलेक्ट्रॉनला तापलेला इलेक्ट्रॉन म्हणायची पद्धत आहे. काहीशे फेम्टोसेकंदांत तो इतर इलेक्ट्रॉनांवर आपटून ऊर्जा वाटून टाकतो, एक-दोन पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) ती ऊर्जा अणूंच्या थरथरीत उतरते, आणि शंभरेक पिकोसेकंदांत कण आपली ऊब भोवतालच्या पाण्याला देऊन मोकळा होतो. रेणूला जे काही मिळवायचं ते याच्या अगदी सुरुवातीला.

मिळतं कसं? ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरच्या एका प्रकाशकणात २.३३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. सोन्यातून इलेक्ट्रॉन पार बाहेर, निर्वात जागेत काढायचा तर पाचाच्या वर इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तेव्हा इलेक्ट्रॉन कणातून उसळून बाहेर पडतो असं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. तेवढं बळ त्याच्यात नसतं. पण पृष्ठभागावर रेणू बसलेला असेल आणि त्या रेणूची एखादी रिकामी पातळी सोन्याच्या भरलेल्या पातळ्यांपासून एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच वर असेल, तर तिथे मात्र पाऊल टाकता येतं. गंधकाचा बंध त्यासाठी पूल बनतो. म्हणूनच नायट्रो गटासारखा इलेक्ट्रॉनचा भुकेला गट लगेच प्रतिसाद देतो.

पाऊल टाकण्याच्या दोन वाटा आहेत. एक, इलेक्ट्रॉन आधी धातूच्या आत तापतो, पृष्ठभागापर्यंत जातो, मग रेणूवर उडी घेतो. या वाटेवर गळती फार. बहुतेक इलेक्ट्रॉन मधेच कुणावर तरी आपटतात. दुसरी वाट मला जास्त विलक्षण वाटते. तिच्यात आत तापण्याचा टप्पाच नसतो. डोलणं विझतं तेच मुळी इलेक्ट्रॉनला थेट रेणूच्या पातळीत बसवून. असं होत असेल तर रेणू चिकटल्याबरोबर डोलणं लवकर विझायला हवं, आणि लवकर विझलं तर शोषणपट्टा रुंद दिसायला हवा. १९९३ मध्ये जर्मनीत उवे क्राइबिग यांच्या गटाने नेमकं हेच मोजलं: चांदीचे सुमारे दोन नॅनोमीटरचे कण निर्वात जागेत मोकळे असताना पट्टा अरुंद, आणि तेच कण सिलिकाने वेढले की पट्टा कितीतरी रुंद. पदार्थ बदलला नव्हता, फक्त शेजार बदलला होता. पट्ट्याच्या रुंदीसारख्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीत फेम्टोसेकंदांची घडामोड नोंदलेली असते, आणि तीही काही लेसर-स्फोट न करता, साध्या वर्णपटमापकावर वाचता येते, याचं मला आजही अप्रूप आहे.

तर इलेक्ट्रॉन गेला. कणात होल राहिलं. आता कण धनभारित आणि रेणू ऋणभारित, दोघांत ओढ. गेलेला इलेक्ट्रॉन परत यायला काहीच वेळ लागत नाही, आणि बहुतेक वेळा तो परत येतोच. किराणा दुकानातल्या उधारीसारखं आहे हे. माल घेऊन गिऱ्हाईक गेलं म्हणून व्यवहार पुरा होत नाही. वहीतली रक्कम कुणीतरी भरल्यावरच दुकानदार पुढचा माल देऊ शकतो. धातूच्या कणाची पतही अशीच मर्यादित असते. होलं साठत गेली तर काही इलेक्ट्रॉनांनंतर तो थांबतो, किंवा चांदी असेल तर स्वतःच झिजून आयनांच्या रूपात पाण्यात उतरते.

नायट्रोच्या प्रयोगात ही रक्कम कोण भरतं? जर्मनीत डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठात सेबास्टियन श्ल्यूकर यांच्या गटाने २०१५ मध्ये याचं जे उत्तर दिलं, ते मी विद्यार्थ्यांना वारंवार सांगते. चांदीच्या पृष्ठभागावर त्यांनी नायट्रोचं क्षपण पार शेवटपर्यंत, अमाइनपर्यंत नेलं, आणि हायड्रोजन वायू किंवा बोरोहायड्राइडसारखं कुठलंही क्षपणकारक टाकलं नाही. हायड्रोजन आला आम्लातून. आणि इलेक्ट्रॉन गेल्यावर चांदीत उरलेला धनभार मिटवला क्लोराइडने: चांदीच्या आयनाला धरून सिल्व्हर क्लोराइड बनलं. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात पुन्हा फुटतं, ही तर जुन्या फोटोग्राफीची किमया. चांदी परत मिळाली, चक्र पुन्हा सुरू. वर्षानुवर्षं लोक आम्लाच्या बाटलीवरचं नाव बघून ‘हायड्रोक्लोरिक’ एवढं टिपून पुढे जात होते. त्यातलं क्लोराइड हा बघ्या नव्हता.

होलाची ताकद याहून स्पष्ट दिसते ती चांदीच्या त्रिकोणांत. २००१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मिर्किन यांच्या गटाने चांदीचे बारीक गोल कण साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवले. पिवळं कलिल हळूहळू हिरवं झालं, मग निळं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गोल कण संपून चपटे त्रिकोण तयार झाले होते. अंधारात ठेवलेलं कलिल मात्र पिवळंच. असं का व्हावं, याचा उलगडा करणाऱ्यांत कोलंबिया विद्यापीठाचे लुई ब्रूस होते, ज्यांना पुढे २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्ससाठी मिळालं. त्यांच्या गटाने दाखवलं, की प्रकाशात चांदीतली होलं पृष्ठभागावरच्या सायट्रेटकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. सायट्रेट कार्बन डायऑक्साइड सोडून मोडतं, आणि मोडलेलं सायट्रेट काही परत जुळत नाही. ही रक्कम कायमची भरली गेली. आता कणावर इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात, तो ऋणभारित होतो, द्रावणातले चांदीचे आयन त्याच्यावर येऊन धातू बनून बसतात आणि कण वाढत जातो.

ज्या सायट्रेटला आपण नुसतं कवच समजत होतो, ते या सगळ्याचं इंधन निघालं. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत सुंदर निष्कर्ष आहे, आणि तो ‘तापलेल्या इलेक्ट्रॉन’च्या गाजावाजात मागे पडला आहे.

गाजावाजा म्हणायचं कारण आहे. २०११ पासून, मिशिगन विद्यापीठातल्या सुल्यो लिनिच यांच्या गटाने चांदीच्या घनाकृती कणांवर दिव्याच्या उजेडात इथिलीनचं ऑक्सिडीकरण वेगाने होतं असं दाखवल्यापासून, आणि २०१३ मध्ये राइस विद्यापीठात नाओमी हालास यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर, खोलीच्या तापमानाला, प्रकाशाने हायड्रोजनचा रेणू फोडल्यापासून या क्षेत्रात झुंबड उडाली. सोनं एरवी हायड्रोजनला दाद देत नाही. तेव्हा हा परिणाम खरोखरच थक्क करणारा होता. पण शोषलेली ऊर्जा शेवटी उष्णता होते हे मघाशी आपण पाहिलंच, आणि उष्णतेनेही अभिक्रिया वेग घेतात. मग वेग वाढला तो इलेक्ट्रॉनमुळे की नुसतं गरम झाल्यामुळे? २०१८ मध्ये राइसच्या गटाने अमोनियाच्या विघटनात दोन्हींचे वाटे वेगळे काढल्याचं जाहीर केलं; इस्राएलमधल्या योनातान सिवान आणि सहकाऱ्यांनी त्या तापमान-मोजणीवर कडक आक्षेप घेतले. दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं.

मला वाटतं, ही भांडणं विषयाला निरोगी करून गेली. अंधारातलं, त्याच तापमानाचं जोड-निरीक्षण दिल्याशिवाय आता कुणी शोधनिबंध छापायला पाठवत नाही, आणि पाठवला तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात. पण उष्णता की इलेक्ट्रॉन, हा वाद होलाच्या प्रश्नापाशी आला की बराचसा निवळतो, असा माझा अनुभव आहे. नुसत्या उष्णतेला होल भरणाऱ्याची गरज नसते. द्रावणात इलेक्ट्रॉन देऊ शकणारं अल्कोहोल मिसळलं, तापमान तेच ठेवलं, आणि केवळ प्रकाशातलाच वेग बदलला, तर विद्युतभार हलतो आहे हे मानायला बळकट आधार मिळतो. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) शिकलेले आणि आता इलिनॉय विद्यापीठात असलेले प्रशांत जैन यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन-इथेनसारखी हायड्रोकार्बनं बनवली, तेव्हा होल भरण्यासाठी त्यांनी असंच अल्कोहोल योजलं होतं. इथेनसाठी बरेच इलेक्ट्रॉन लागतात, एकामागून एक. कणावरची होलं वेळेवर मिटली नसती तर दुसरा-तिसरा इलेक्ट्रॉन निघालाच नसता.

वाट उलटीही असते, हे सुरुवातीला म्हटलं. त्याचं निखळ उदाहरण प्रशांत कामत यांच्या कामात आहे. मुंबई विद्यापीठातून १९७९ मध्ये पीएच.डी. घेऊन ते पुढे अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात स्थिरावले. तिरुवनंतपुरमच्या के. जॉर्ज थॉमस यांच्याबरोबर त्यांनी २००२ मध्ये सोन्याच्या बारीक कणांवर गंधकाच्या दुव्याने पायरीन हा चमकणारा रेणू बसवला. इथे प्रकाश शोषतो तो रेणू, सोनं नव्हे. उत्तेजित पायरीन आपला इलेक्ट्रॉन सोन्याला देतं आणि स्वतः धनभारित होतं. ही फारकत काही मायक्रोसेकंद टिकली. धातूतल्या डोलण्याच्या आयुष्याशी ताडून पाहा: दहा फेम्टोसेकंद आणि काही मायक्रोसेकंद, यांत कोट्यवधी पटींचं अंतर आहे. होल रेणूवर असेल तर त्याला दम मिळतो. धातूत असेल तर शेजारचे इलेक्ट्रॉन लगेच त्या खड्ड्यात येऊन पडतात. प्रकाशाने वेगळा केलेला भार खरोखर कामाला लावायचा असेल, तर रेणूची निवड करताना मी या टिकण्याकडे आधी बघेन.

होल थेट पाहता येतं का? अलीकडे येऊ लागलं आहे. कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये हॅरी अ‍ॅटवॉटर यांच्या गटाने सोन्याचे कण गॅलियम नायट्राइडच्या अशा थरावर बसवले, जो इलेक्ट्रॉनला अडवतो आणि होलाला वाट देतो. २०२० मध्ये त्यांनी नोंदवलं, की होलं दोनशे फेम्टोसेकंदांच्या आत सोन्यातून निघून जातात, आणि ती गेल्यावर मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉनांचं निवणंही बदलतं. म्हणजे होल हे इलेक्ट्रॉनच्या गोष्टीतलं दुय्यम पात्र नाही. ते निघून गेलं की इलेक्ट्रॉनची गोष्टही बदलते.

तिथे होल घेणारा होता एक घन अर्धवाहक. मला हेच रेणूच्या बाबतीत बघायचं आहे: एका कणावर बसलेल्या थायॉलच्या, म्हणजे गंधकाच्या टोकाने धरून बसणाऱ्या रेणूंच्या, एका थरात होल कधी आलं, कुठल्या अणूवर थांबलं, आणि नायट्रो गटाकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनने तोवर किती वाट कापली होती. सध्या आम्ही याच्या कडेकडेने फिरतो आहोत. एकाच कलिलाचे भाग करून एकात क्लोराइड, एकात ब्रोमाइड, एकात थोडं अल्कोहोल, एकात यातलं काहीच नाही. लेसरची शक्ती तीच, तापमान बांधलेलं. मग १३३५ किती वेळात खचतं आणि १४३५ किती वेळात वर येतं, याच्या रेघा शेजारी शेजारी काढायच्या. काहीच न घातलेल्या भागाची रेघ थोडी चढते आणि आडवी होते. तिथेच मी विद्यार्थ्यांना थांबवते आणि विचारते, इथवर तरी होल कुणी भरलं असेल? कुणी सायट्रेट म्हणतं, कुणी पाणी, कुणी चांदी स्वतः. मग प्रत्येकाला आपापलं उत्तर तपासायला पाण्याचा, सायट्रेटचा किंवा विरघळलेल्या चांदीचा नमुना घेऊन पुढच्या यंत्राकडे पाठवते.